काउंटडाउनच्या खुर्चीत चार भाग: फॉर्मपासून टीपॉटपर्यंत

काउंटडाउन या टीव्ही कार्यक्रमात भाग घेण्याचा फॉर्म मी ९ जानेवारी २०२३ ला भरला, रात्री सव्वाअकराला, घरातले सगळे झोपल्यावर, कारण कुणाला सांगायचं धाडसच होत नव्हतं. सबमिट दाबलं आणि लॅपटॉप मिटून थोडा वेळ तशीच अंधारात बसले. मिरजेच्या मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी पाचवीत एबीसीडीपासून सुरू झालेली मी, आणि निघाले होते कुठे तर इंग्लंडमधल्या शब्दांच्या कार्यक्रमात. हे सगळं सविस्तर लिहितेय कारण मला तेव्हा मराठीत कुणी सांगणारं भेटलं नाही, आणि इथे इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांमध्ये माझ्यासारखे घरबसल्या टीव्हीसमोर उत्तरं देणारे बरेच असणार याची मला खात्री आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. काउंटडाउन इथल्या चॅनल फोरवर दुपारी लागतो. २ नोव्हेंबर १९८२ ला ते चॅनल सुरू झालं तेव्हा त्यावरचा पहिला कार्यक्रम हाच होता, आणि मूळ कल्पना फ्रान्समधल्या तसल्याच एका कार्यक्रमाची. एका भागात पंधरा राउंड. दहा अक्षरांचे, चार आकड्यांचे आणि शेवटी एक कनन्ड्रम. अक्षरांच्या राउंडला तुम्ही स्वर हवा की व्यंजन हवं ते सांगत जायचं, नऊ अक्षरं फळ्यावर लागतात आणि तीस सेकंदांत सगळ्यात मोठा शब्द काढायचा. जितकी अक्षरं तितके गुण, पण नऊच्या नऊ वापरली तर अठरा. आकड्यांमध्ये सहा आकडे मिळतात, मोठे म्हणजे २५, ५०, ७५, १००, आणि लहान १ ते १०. बेरीज वजाबाकी गुणाकार भागाकार करून समोरची तीन आकडी संख्या गाठायची. नेमकी आली तर १०, पाचच्या आत असाल तर ७, दहाच्या आत ५, पण हे फक्त जो जास्त जवळ गेला त्यालाच, दुसऱ्याला शून्य (हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे). कनन्ड्रम म्हणजे नऊ अक्षरी शब्दाची मोडतोड, जो आधी बझर दाबून ओळखेल त्याला १०. रोख बक्षीस काहीही नाही. जिंकलात तर कार्यक्रमाचा टीपॉट मिळतो, आणि तो विकत मिळत नाही म्हणून त्याचं एवढं अप्रूप.

मला याची गोडी लागली ती २०२२ च्या उन्हाळ्यात, सासूबाई सहा महिने लेस्टरला आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिक्षिका होत्या. इंग्रजी बोलत नाहीत. मी तेव्हा घरून पेरोलचं काम करायचे, दुपारी जेवण उशिरा व्हायचं आणि टीव्ही चालू असायचा. अक्षरांच्या राउंडला आई मटार सोलायच्या, आणि आकडे लागले की मान वर. एकदा ७५ आणि ८ लागले होते, समोर सहाशेच्या आसपास काहीतरी, मी अजून कागद शोधतेय तोवर आई म्हणाल्या, "अगं आठ पाऊण सहा, सहाशे झाले की, पुढचं बघ." पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी त्यांना आजही तोंडपाठ आहेत. आम्हाला शाळेत तीसपर्यंत पाढे होते पण ह्या अपूर्णांकांच्या पाढ्यांना आमच्या पिढीने हातच लावला नाही, त्यांचा उपयोग काय असं वाटायचं. उपयोग इथे आहे बघा. २५ आणि ७५ हे या खेळातले मोठे आकडे, म्हणजे पावकी आणि पाऊणकी सरळसरळ. मग रोज दुपारी जेवणं झाली की आई मला म्हणायला लावायच्या, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, सात पाऊण सव्वापाच, नव पाऊण पावणेसात. वय त्रेचाळीस, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून पाढे म्हणतेय. मला ते दिवस फार आवडले.

१९९७ च्या एका भागातला एक प्रसिद्ध नंबर्स राउंड आहे, तो मी आईंना दाखवला होता. आकडे २५, ५०, ७५, १००, ३, ६ आणि गाठायचे ९५२. त्या स्पर्धकाने १०० अधिक ६ केले १०६, गुणिले ३ म्हणजे ३१८, मग त्याला चक्क ७५ ने गुणलं, २३,८५०, त्यातून ५० वजा आणि २५ ने भागलं, ९५२. तीस सेकंदांत. आईंनी पेन्सिल घेऊन डायनिंग टेबलावर ते तपासलं आणि म्हणाल्या, "७५ भागिले २५ तीन, म्हणजे ३१८ त्रिक ९५४, आणि ५० भागिले २५ दोन, ते वजा. पण पंचवीस दोनदा वापरता येत नाहीत, म्हणून तो एवढा लांबून फिरून आला." मी तो व्हिडिओ तोवर दहा वेळा बघितला असेल, ते असं कुणी समजावलं नव्हतं. आई नोव्हेंबरात परत गेल्या, जाताना विमानतळावर म्हणाल्या तू जा त्या कार्यक्रमात. जानेवारीत फॉर्म भरला तो त्यामुळे.

फॉर्म सोपा आहे, घाबरू नका. नाव पत्ता काम, स्वतःबद्दल दोन-चार ओळी, आधी टीव्हीवर कधी आला होतात का, कोणत्या तारखांना जमणार नाही. इंग्रजी तुमची मातृभाषा आहे का असं कुणीही विचारलं नाही, ना फॉर्मवर ना नंतर. स्वतःबद्दलच्या ओळींमध्ये मी आईंच्या पाढ्यांचं लिहिलं. तुमच्याकडे असलं काही खरं असेल तर तेच लिहा, स्टुडिओत ओळख करून देताना तेच विचारतात.

मग काही नाही. दोन महिने काही नाही. मी स्पॅम फोल्डर रोज बघायचे. १४ मार्चला मेल आला, फोनवर ऑडिशन आहे, वेळ निवडा. २८ मार्चला संध्याकाळी सहाला फोन आला. लेकीला वरच्या खोलीत पाठवलं, नवऱ्याला कुकर लावू नकोस म्हणून सांगितलं. पलीकडची बाई अगदी शांत आणि प्रेमळ बोलत होती. ती अक्षरं सांगणार, तुम्ही लिहून घ्यायची, तीस सेकंद, मग शब्द सांगायचा. मग आकडे, मग एकदोन कनन्ड्रम. फोनवर बी, डी, पी, टी सारखेच ऐकू येतात तेव्हा परत विचारायला अजिबात लाजू नका, मी दोनदा विचारलं, तिने दोनदा सांगितलं. फोन स्पीकरवर ठेवा म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. अक्षरांत सहा-सहाचेच शब्द सापडले, आकडे सगळे आले. दहा दिवसांनी कळलं की तुमची निवड झालीय, रेकॉर्डिंगची तारीख नंतर कळवू. ते "नंतर" ऑक्टोबरपर्यंत लांबलं. या मधल्या काळात धीर सुटतो, सुटू देऊ नका, कारण तयारीला खरा वेळ हाच मिळतो.

तयारी. आकडे माझे बरे होते, अक्षरं कच्ची. ॲप्टेरस नावाची एक वेबसाइट आहे, तिथे हाच खेळ लोक एकमेकांशी खेळतात, मी रोज रात्री तीन गेम खेळायचे आणि पहिले दोन महिने जवळजवळ सगळे हरले. तिथेच शिकले की काही अक्षरांचे गट पाठ करून ठेवायचे असतात. उदाहरणार्थ ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात अक्षरं वारंवार एकत्र येतात, त्यातून रिटेन्स होतो, नॅस्टिअर होतो, रेटिनाज होतो, स्टेनर होतो. मी अशा गटांची वही केली, अगदी शाळेत शब्दार्थांची करायचो तशी, आणि बसमध्ये वाचायचे. शेवटी एस मिळाला की अनेकवचन, ईडी किंवा आयएनजी दिसलं की ते बाजूला काढून उरलेल्या अक्षरांकडे बघायचं. डिक्शनरी ऑक्सफर्डची ऑनलाइन, तिच्यात असेल तो शब्द चालतो, विशेषनामं आणि संक्षेप चालत नाहीत. आणि एक गंमत सापडली, इंग्रजीतला माँगूस आपल्या मुंगूसवरून गेलाय, डिक्शनरीत तसं मराठीचं नाव घेऊन लिहिलंय. रात्री साडेअकराला ते वाचून मला एवढं भरून आलं की मी नवऱ्याला उठवून दाखवलं.

माझी एक अडचण मात्र कुठल्याही वेबसाइटवर लिहिलेली नव्हती. मी हिशोब मराठीत करते. आपल्याकडे एकक आधी येतं, चौऱ्याहत्तर, सत्तेचाळीस, आणि घाईत इंग्रजीत सांगताना किंवा लिहिताना ७४ चे ४७ व्हायचे. शिवाय स्टुडिओत नुसतं उत्तर देऊन चालत नाही, कसं काढलं ते पायरी पायरीने रेचल रायलींना, म्हणजे कार्यक्रमात आकड्यांचा फळा सांभाळणाऱ्या बाईंना, इंग्रजीत सांगावं लागतं आणि त्या फळ्यावर लिहीत जातात. यावर मी केलेला उपाय असा, हिशोब मराठीतच ठेवायचा, तो बदलायला जायचं नाही, पण प्रत्येक पायरी आकड्यांत कागदावर उतरवायची आणि सांगताना फक्त कागद वाचायचा. लेकीसमोर दीड महिना असं वाचून दाखवलं. ज्यांचं गणित मराठीत झालंय त्यांनी हे नक्की करा.

रेकॉर्डिंग ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, मँचेस्टरजवळ सॅलफर्डच्या मीडियासिटीमध्ये. रेल्वेचं भाडं आणि हॉटेल माझ्यावर पडलं नाही. माझा खर्च म्हणजे दोन दिवसांची बिनपगारी रजा, आणि कपडे. एका दिवसात पाच भाग रेकॉर्ड होतात, आणि टीव्हीवर ते वेगवेगळ्या दिवशी दिसतात, म्हणून जिंकलात की दर वेळी वरचा कपडा बदलायचा. पाच-सहा टॉप घेऊन जा, बारीक रेघांचे नकोत, कंपनीचा लोगो नको. मी चॅरिटी शॉपमधून पाच घेतले, सगळे मिळून ३१ पाउंड, आणि एक आईंनी दिलेला इरकलीचा कुर्ता. आदल्या दिवशी संध्याकाळीच पोचा. माझी गाडी वाटेत तासभर उभी राहिली, शेफिल्डला पुढची चुकली, आणि मँचेस्टर पिकॅडिलीहून ट्रामने हॉटेलवर पोचेपर्यंत साडेनऊ झाले. त्याच दिवशी सकाळी निघाले असते तर काय झालं असतं याचा विचार अजूनही नको वाटतो.

सकाळी सगळे स्पर्धक एका खोलीत बसतात. कागदपत्रांवर सह्या, त्यात भाग दाखवला जाईपर्यंत निकाल कुणाला सांगायचा नाही हेही असतं. मेकअप, माइक. मला वाटलं होतं सगळे एकमेकांना जोखत बसतील, तर तसं काही नाही, सगळेच घाबरलेले आणि सगळेच बिस्किटं पुढे करणारे. माझा नंबर दिवसाच्या तिसऱ्या भागाला लागला, म्हणजे आधीचे दोन भाग बसून बघायला मिळाले. ते घड्याळ प्रत्यक्षात खूप मोठं दिसतं, आणि तीस सेकंदांचं ते संगीत घरी ऐकतो तसंच तिथे वाजतं. मला त्याने उलट धीर आला, स्वयंपाकघरातला आवाज वाटला.

पहिला भाग. पहिल्याच अक्षरांच्या राउंडला चूक. मी आठ सांगितले, "सेपरेट". शब्दात ए दोन लागतात, फळ्यावर ए एकच होता आणि ई तीन. पाचवीपासून हा शब्द मी कधी असा कधी तसा लिहीत आलेय, तो बरोबर तिथेच नडला. समोरच्या चॅम्पियनकडे सातचा "रिपीट्स" होता, त्याला सात, मला शून्य. कान गरम झाले. पण पुढे आकडे आले, मी एक मोठा पाच लहान मागितले, ७५, ८, ३, २, ९, ५ आणि गाठायचे ६१९. आठ पाऊण सहा. सहाशे, पाच दुणे दहा, आणि नऊ. कागद वाचला, हात थरथरत होता पण वाचला. त्याला ते आलं नाही. तिथून गेम फिरला आणि ८४-७१ ने जिंकले. टीपॉट पक्का झाला, पण तेव्हा ते डोक्यातच शिरलं नाही कारण वीस मिनिटांत कपडे बदलून परत खुर्चीत.

दुसऱ्या भागात १००, १०, ९, ८, ४, ३ आले आणि संख्या ९३६. तेर नवे सतरोदरसे, आणि ११७ गुणिले ८. म्हणजे १० अधिक ३, गुणिले ९, गुणिले ८. समोरच्या बाईंनी १०० अधिक ४ गुणिले ९ केलं होतं, माझ्यापेक्षा कितीतरी सरळ, आणि मला ते दिसलंच नव्हतं. दोघींना दहा-दहा. याच भागात माझा सातचा शब्द "प्रीपोन" चालला. ऑफिसात आपण मीटिंग प्रीपोन करतो तेव्हा इथले लोक चमकून बघतात, पण डिक्शनरीत आहे तो, भारतीय इंग्रजी म्हणून. आपले शब्द आहेत तिथे, घी, रायता, साडी, लाख. स्पेलिंग एकदा बघून ठेवा म्हणजे झालं.

तिसऱ्याला शेवटपर्यंत अटीतटीची. कनन्ड्रमच्या आधी ७६-७०, दहाच्या आत फरक असला की निकाल कनन्ड्रमवर, आणि स्टुडिओ एकदम शांत. पडद्यावर आलं पाइंट आणि स्कोअर जोडून, पी आय एन टी एस सी ओ आर ई. मी शेवट शोधले, टी ओ आर, मग सुरुवातीला आय एन, आणि इन्स्पेक्टर. बझर दाबला. तीन भाग, तीन विजय, इरकलीचा कुर्ता याच भागात होता.

मग दिवसच संपला. पाच भाग झाले, चौथा गेम दुसऱ्या दिवशी सकाळी. हॉटेलवर रात्रभर झोप नाही, डोळे मिटले की नऊ अक्षरं. आठ विजय झाले की तुम्ही नाबाद निवृत्त होता, ऑक्टोचॅम्प म्हणतात, आणि सिरीजमधले सगळ्यात वरचे आठ पुढे अंतिम फेऱ्यांत जातात. माझ्या डोक्यात ते सुरू झालं होतं आणि ते व्हायला नको होतं. रात्री असं झालं तर उठून चालून या, मी कॅनॉलच्या कडेने चालले ते थेट पहाटे, फार उशिरा.

चौथा भाग खूप चांगला गेम होता. समोरचा मुलगा विद्यार्थी, लेटर्समध्ये भारी, मी आकड्यांवर टिकून. शेवटच्या नंबर्स राउंडला मी ८८-८३ ने पुढे. त्याने चार मोठे मागितले. १००, ७५, ५०, २५, ७ आणि २. संख्या ४३१. मी सात गुणिले पन्नास, ३५०, अधिक ७५, ४२५. मग १०० भागिले २५, चार, ४२९. दोनने कमी. वेळ संपली, पेन खाली ठेवलं, ४२९ सांगितले. त्याने ४३१ सांगितले, अगदी माझ्याच पायऱ्या, आणि शेवटी अधिक दोन. दोन माझ्या कागदावर वरच्या ओळीत लिहिलेला होता, न खोडलेला. त्याला दहा, मला शून्य, ८८-९३. कनन्ड्रम त्याने चार सेकंदांत ओळखलं. १०३-८८. त्याने हात मिळवला आणि म्हणाला नंबर्सची मला भीती वाटत होती तुमची. मी बाहेर येऊन बाथरूममध्ये पाच मिनिटं रडले, मग तोंड धुऊन पिशवी घ्यायला गेले. म्हणून सांगते, वापरलेला आकडा खोडा. प्रत्येक वेळी. उरलेला आपोआप डोळ्यात भरतो.

भाग दाखवले गेले ते नोव्हेंबरच्या शेवटी. तोवर घरीही निकाल सांगितला नव्हता, नवऱ्याने एकदाही विचारलं नाही, त्याचं मला फार कौतुक आहे. मिरजेत हे चॅनल दिसत नाही म्हणून आईंना व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीसमोर पुस्तकांच्या थप्पीवर उभा केला. इथे दुपारचे दोन दहा, तिकडे संध्याकाळचे सात चाळीस. चारही दिवस आई दिवा लावून, वही-पेन्सिल घेऊन बसल्या. आठ पाऊण सहाला त्या आणि टीव्हीतली मी एकाच वेळी बोललो.

चौथ्या दिवशी ४३१ लागले. घड्याळ अर्ध्यावर यायच्या आत फोनमधून आवाज आला, "चारशे पंचवीस, चार, आणि दोन. झालं!" मग टीव्हीतल्या मी ४२९ सांगितले. फोनमधून थोडा वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं कॉल कट झाला.

"दोन राहिला गं," आई म्हणाल्या, अगदी हळू. आणि मग, "असू दे. बाकीचे सगळे बरोबर होते."

मे महिन्यात मिरजेला गेलो तेव्हा टीपॉट हातातल्या बॅगेतून नेला, दोन साड्यांमध्ये गुंडाळून, सामानात टाकला नाही. आईंनी तो शोकेसमध्ये ठेवलाय, निवृत्त होताना शाळेने दिलेल्या घड्याळाशेजारी. चहा त्यात करत नाहीत. कुणी आलं की काढून दाखवतात, आणि मग त्या माणसाला पाऊणकी येते का ते विचारतात.